पंखा चाळीस वॉटचा, प्रश्न जिवाचा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आपल्या आजी-आजोबांच्या काळी न्हाणीघर घराच्या मागच्या अंगाला असे. पाणी तापवायला तांब्याचा बंब, उजेडाला खिडकीतून येणारी तिरीप आणि वाफ बाहेर जायला कौलांमधल्या फटी. अंघोळीचा आणि विजेचा काही संबंधच नव्हता. आज फ्लॅटमधल्या पाच बाय सातच्या बाथरूममध्ये गीझर असतो, दिवा असतो, आरशावर आणखी एक दिवा असतो, जागा असेल तर वॉशिंग मशीन असते आणि वर झरोक्यात एक एक्झॉस्ट पंखा असतो. या सगळ्यांत पंखा सर्वांत दुर्लक्षित. गीझर घेताना आपण चार दुकाने फिरतो. पंखा मात्र वायरमनच घेऊन येतो, तोच बसवतो आणि पुढची दहा वर्षे त्याच्याकडे कोणी मान वर करून बघत नाही.

मी आयटीआयमध्ये तीसेक वर्षे तारतंत्रीच्या, म्हणजे वायरमनच्या, वर्गाला शिकवले. निवृत्तीनंतरही ओळखीपाळखीचे लोक घरातल्या विजेच्या तक्रारी घेऊन येतात. त्या सगळ्यांना मी एकच गोष्ट सांगत असतो आणि तीच आज तुम्हांला सांगणार आहे. घरातला एमसीबी हा तारेचा रखवालदार आहे, माणसाचा नाही. माणसाचा रखवालदार वेगळा आहे. तो बसवला आहे की नाही, आणि बसवला असेल तर तो जागा आहे की नाही, हे प्रत्येक घराने तपासायला हवे. हे समजून घ्यायला बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा फार उपयोगी आहे, कारण हा पंखा इतका किरकोळ वाटतो की त्याच्यापासून काही धोका असेल असे कोणाच्या मनातच येत नाही.

आधी थोडा हिशेब करू. साधारण चाळीस वॉटचा पंखा २३० व्होल्टवर चालताना सुमारे पावणेदोनशे मिलिअँपिअर वीज घेतो. मिलिअँपिअर म्हणजे एका अँपिअरचा हजारावा भाग. आता माणसाकडे बघू. एखाद मिलिअँपिअर प्रवाह अंगातून गेला की झिणझिण्या येतात. दहा मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू असे आखडतात की, पकडलेली वस्तू सोडायची म्हटली तरी सुटत नाही. ‘विजेने धरून ठेवले’ असे आपण म्हणतो ते हेच. वीज धरत नाही, आपलेच स्नायू आपले ऐकेनासे होतात. तीस मिलिअँपिअरच्या पुढे श्वासाचे स्नायू आखडतात आणि प्रवाह काही क्षण टिकला तर हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरत राहण्याचा धोका निर्माण होतो. म्हणजे पंखा फिरवायला जेवढी वीज लागते, तिच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यात माणसाचा जीव जाऊ शकतो.

यात बाथरूम आणखी भर घालते. कोरडी कातडी विजेला बऱ्यापैकी विरोध करते. ओल्या, साबण लावलेल्या अंगाचा आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचा विरोध हजार ओहमपर्यंत खाली येतो. २३० भागिले हजार, म्हणजे २३० मिलिअँपिअर. कोरड्या हाताने दिवाणखान्यात जो शॉक नुसता झटका देऊन जाईल, तोच बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतो.

आता लोक म्हणतात, ‘‘घरात एमसीबी आहेत की! काही झाले तर खटका पडेल.’’ हा समज सगळ्यांत घातक आहे. एमसीबी आला पूर्वीच्या फ्यूजच्या जागी. तारेतून तिच्या कुवतीपेक्षा जास्त प्रवाह जाऊ लागला, किंवा फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटून शॉर्टसर्किट झाले, तर तार तापून आग लागू नये म्हणून तो खाली पडतो. पंख्याच्या सर्किटला सहा अँपिअरचा एमसीबी असेल, तर सहा अँपिअर म्हणजे सहा हजार मिलिअँपिअर. माणसाच्या अंगातून दोनशे मिलिअँपिअर जात असताना या एमसीबीच्या दृष्टीने एक छोटा पंखा चालू आहे, इतकेच. तो का पडावा? तो बिघडलेला नसतो. त्याचे कामच ते नसते.

मग माणसाचे रक्षण कोण करतो? तो म्हणजे आरसीसीबी. आपल्याकडे वायरमन आणि दुकानदार त्याला अजूनही सर्रास ईएलसीबी म्हणतात, अमेरिकेत त्याच्या भावंडाला जीएफसीआय म्हणतात. नावे वेगळी असली तरी तत्त्व एकच आणि ते इतके सोपे आहे की शाळेतल्या मुलालाही समजावे. पंख्याकडे फेजच्या तारेतून जेवढी वीज गेली, तेवढीच न्यूट्रलच्या तारेतून परत आली पाहिजे. आरसीसीबीमध्ये या दोन्ही तारा एका लोहचुंबकीय कड्यातून नेलेल्या असतात. जाणारी आणि येणारी वीज सारखी असली, की दोघींचे चुंबकीय परिणाम एकमेकांना खोडून काढतात आणि कडे शांत राहते. पण गेली एकशे सत्तर आणि परत आली एकशे चाळीस, तर मधली तीस मिलिअँपिअर कुठे गेली? ती भिंतीतून, पाण्यातून किंवा एखाद्याच्या अंगातून जमिनीत गेली. हा फरक दिसताच कड्यावरच्या गुंडाळीत वीज निर्माण होते आणि खटका पडतो. दुकानाच्या गल्ल्यातला हिशेब संध्याकाळी जुळला नाही की मालक जसा लगेच शटर ओढतो, तसेच.

घरगुती आरसीसीबी तीस मिलिअँपिअरचा असतो. तीस मिलिअँपिअरची गळती झाली तर त्याने जास्तीत जास्त तीनशे मिलिसेकंदांत, आणि पाचपट म्हणजे दीडशे मिलिअँपिअरची झाली तर चाळीस मिलिसेकंदांत पडावे, असा दंडक आहे. चाळीस मिलिसेकंद म्हणजे आपल्या विजेची अवघी दोन आवर्तने. हृदयाचा एक ठोका पुरा व्हायच्या आत वीज तुटलेली असते. एक मात्र नीट लक्षात ठेवा. आरसीसीबी शॉक बसूच देत नाही असे नाही. अंगातून जाणारा प्रवाह तो कमी करत नाही, तो त्याला वेळ मिळू देत नाही. झटका जाणवेल, माणूस दचकेल, पण बहुधा वाचेल.

या उपकरणामागे बरीच मेहनत आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डॅलझील नावाचे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. किती प्रवाहापर्यंत माणूस हातातली तार स्वतःहून सोडू शकतो, हे त्यांनी स्वयंसेवकांवर काळजीपूर्वक प्रयोग करून मोजले. पुरुषांसाठी सरासरी सोळा मिलिअँपिअर आणि स्त्रियांसाठी साडेदहा, असे आकडे त्यांना मिळाले. इतक्या थोड्या प्रवाहाला फ्यूज दाद देणार नाही हे उघडच होते. म्हणून १९६१ साली त्यांनी गळती ओळखून वीज तोडणारे उपकरण तयार केले. अमेरिकेच्या वायरिंगच्या नियमावलीने १९७५ साली घरांच्या बाथरूममधल्या सॉकेटना असे संरक्षण सक्तीचे केले. तिकडे ते सॉकेटपाशीच बसवतात आणि ते पाच मिलिअँपिअरच्या सुमारास पडते. युरोपात आणि आपल्याकडे तीस मिलिअँपिअरचे उपकरण बहुधा मुख्य बोर्डात बसते. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत, आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या नियमांतही, अगदी लहान जोडण्या वगळता गळतीपासून संरक्षण देणारे उपकरण आवश्यक मानले आहे. तरीही जुन्या इमारतींतल्या किती बोर्डांत ते सापडते, हे तुम्हीच आपापल्या घरी बघा.

आता पंख्याकडे येऊ. ‘‘पंखा तर आठ फुटांवर आहे, त्याला हात कोण लावतो?’’ असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भिंतीतल्या एका हिरव्या तारेत आहे.

रोजची वाफ पंख्यात शिरते. तिच्याबरोबर धूळ असते. मोटरच्या गुंडाळ्यांवर त्याचा ओलसर थर बसतो, तारांचे आवरण कडक होऊन तडकते, पंख्याच्या थरथरण्याने एखादी तार पत्र्याच्या कडेला घासत राहते. एक दिवस फेजची तार पंख्याच्या लोखंडी अंगाला टेकते. पंख्याला अर्थिंगची तार जोडलेली असेल, तर ही वीज त्या तारेने जमिनीत जायला निघते. पण इमारतीचा अर्थिंगचा खड्डा कोणी वर्षानुवर्षे पाहिलेला नसतो. त्यात पाणी घातलेले नसते, पट्टी गंजलेली असते. समजा त्या खड्ड्याचा विरोध चाळीस ओहम झाला आहे. तर जमिनीत जाणारा प्रवाह होईल पाच-साडेपाच अँपिअर. सहा अँपिअरचा एमसीबी यालाही पडत नाही. आणि मग अर्थिंगची अख्खी तारच दोनशेच्या वर व्होल्टवर जाऊन बसते. ही तार काही एकट्या पंख्याची नाही. तीच गीझरच्या अंगाला जोडलेली आहे, तीच वॉशिंग मशीनला, तीच स्वयंपाकघरातल्या फ्रिजला. बिघडला आठ फुटांवरचा पंखा, आणि शॉक देतो हाताच्या अंतरावरचा गीझर, नाहीतर त्याच्या पाइपावरचा नळ.

असा एक प्रकार मी स्वतः पाहिला आहे. पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीत लोखंडी पाइपांची बाथरूम होती. घरातले आजोबा कुरकुर करत, ‘‘नळाला हात लावला की झिणझिण्या येतात.’’ मुलगा म्हणे, ‘‘बाबा, तुमच्या हातालाच मुंग्या येतात. डॉक्टरांना दाखवू या.’’ डॉक्टरांनाही दाखवून झाले. मग सुनेला एकदा तसेच जाणवले, तेव्हा आजोबांचे खरे ठरले. संशय अर्थातच गीझरवर गेला. नवा गीझर आला. आठ दिवस बरे गेले, कारण त्या आठ दिवसांत पाऊस नव्हता. पाऊस सुरू झाला आणि झिणझिण्या परत आल्या.

मला बोलावले तेव्हा मी आधी बोर्ड उघडला. बोर्डात आरसीसीबी होता, पण त्याच्या वरच्या दोन्ही तारा खालच्या तारांना थेट जोडून टाकलेल्या. उपकरण जागेवर, दिसायला व्यवस्थित, आणि कामातून पूर्ण बाद. घरच्यांना विचारले तर ते म्हणाले, ‘‘दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तो सारखा पडायचा. वायरमन म्हणाला, काका, ईएलसीबी खराब झालाय, डायरेक्ट करून देतो. तेव्हापासून एकदाही लाइट गेली नाही.’’ मी एकेक वस्तू बंद करून पाहू लागलो. पंख्याचा स्विच बंद केला की नळ शांत, चालू केला की नळाला टेस्टर पेटतो. पंखा उतरवला तेव्हा आतली तार पत्र्याला घासून सोलवटलेली सापडली. इमारतीची अर्थिंगची पट्टी जिन्याखाली गंजून तुटली होती. त्यामुळे पंख्याची गळती अर्थिंगच्या तारेने गीझरवर, गीझरवरून पाइपात आणि पाइपातून जमिनीत जात होती. आरसीसीबी दोन वर्षांपूर्वी हेच ओरडून सांगत होता आणि त्याचेच तोंड बांधले गेले. त्या दोन वर्षांत झिणझिण्यांवर निभावले, यात कोणाची हुशारी नव्हती, आवरण अजून पूर्ण फाटले नव्हते इतकेच.

म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे. सारखा पडणारा आरसीसीबी बहुतेक वेळा खराब नसतो, तो काहीतरी सांगत असतो. त्याला थेट जोडून टाकणे म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडणे.

तो का पडतो हे शोधायची एक साधी पद्धत आहे. बोर्डातले सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा आणि मग एकेक एमसीबी वर घेत जा. ज्याच्या पाठोपाठ आरसीसीबी पडेल, त्या सर्किटमध्ये गळती. मग त्या सर्किटवरची उपकरणे प्लग काढून वेगळी करत गुन्हेगार हुडकायचा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, कारण स्विच आणि साधा एमसीबी फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. आणखी एक कारण आपल्याकडे फार आढळते, ते म्हणजे न्यूट्रलची सरमिसळ. पंख्याचा फेज आरसीसीबीतून घेतलेला, पण न्यूट्रल मात्र जवळच्या दुसऱ्याच बोर्डातून ‘कॉमन’ म्हणून उचललेला. मग गेलेली वीज त्या कड्यातून परत येतच नाही आणि गळती नसतानाही खटका पडतो. यात दोष उपकरणाचा नसतो, वायरिंगचा असतो.

आता नवा पंखा बसवायचा असेल तर काय काय बघायचे ते सांगतो. हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून आणि जाणकार वायरमनच्या हातूनच करून घ्यायचे आहे, नियमही तेच सांगतो. तुम्ही हातात स्क्रू-ड्रायव्हर घ्यावा म्हणून मी हे सांगत नाही. शेजारी उभे राहून चार नेमके प्रश्न विचारता यावेत म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, वीज खरोखर बंद करणे. पंख्याचा स्विच बंद करून काम सुरू करणारा वायरमन दिसला तर त्याला थांबवा. सर्किटचा एमसीबी आणि मुख्य स्विच बंद करायचा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करायचा, कारण मेन बंद केल्यावर इन्व्हर्टर आपणहून चालू होतो आणि पंख्याच्या तारा पुन्हा जिवंत होतात. पुष्कळ अनुभवी माणसेही इथे फसतात. बंद केल्यावर टेस्ट लॅम्पने किंवा मीटरने तपासून मगच हात घालायचा. तारेच्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. लाल फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंग, हा आपल्याकडचा जुना रिवाज, पण जुन्या घरात तार संपली म्हणून कोणी काळीच फेजला वापरलेली असते.

दुसरी गोष्ट, तीन तारा. फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग, प्रत्येक दीड चौरस मिलिमीटर तांब्याची, पुरे होते. फेज सहा अँपिअरच्या एमसीबीतून आणि मग स्विचमधून पंख्याकडे गेली पाहिजे. स्विच न्यूट्रलवर घातला तरी पंखा बंद पडतो, पण त्याच्या आत २३० व्होल्ट तसेच उभे राहतात. पंखा पुसणारा बिचारा समजतो की वीज बंद आहे. न्यूट्रल त्याच आरसीसीबीच्या पुढच्या पट्टीवरून घ्यायचा, शेजारच्या बोर्डातून नाही. स्विच बाथरूमच्या बाहेर, दाराशेजारी असावा, म्हणजे ओला हात त्याच्यापर्यंत पोचत नाही.

तिसरी गोष्ट, अर्थिंग. पंख्याचा सांगाडा लोखंडी असेल तर त्यावर अर्थिंगचा स्क्रू असतो, हिरवी तार तिथे घट्ट कसलीच पाहिजे. पुष्कळ प्लास्टिकच्या पंख्यांवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्याचा अर्थ दुहेरी आवरण, अशा पंख्याला अर्थिंगची जोडणी लागत नाही. तरीही हिरवी तार तिथपर्यंत आणून डबीत बंद करून ठेवावी, उद्या लोखंडी पंखा आला तर उपयोगी पडते. अर्थिंगसाठी नळाच्या पाइपाला तार गुंडाळणे ही जुनी सवय आता पूर्ण सोडायला हवी. हल्लीचे पाइप प्लास्टिकचे असतात. त्यांना गुंडाळलेली तार जमिनीपर्यंत पोचतच नाही.

इथे कोणी विचारेल, आरसीसीबी असेल तर अर्थिंग हवे कशाला? अर्थिंग नसले तरी आरसीसीबी काम करतो हे खरे. पण तो गळती सुरू झाल्यावरच पडणार. अर्थिंग असेल तर बिघाड होताक्षणी वीज हिरव्या तारेने जमिनीत जाऊ लागते आणि कोणी हात लावायच्या आधीच खटका पडतो. अर्थिंग नसेल तर वीज वाट पाहत बसते, आणि पहिली वाट तिला माणसाच्या अंगातून मिळते. उलट, खड्ड्याचा विरोध चाळीस ओहम असो की दोनशे, तीस मिलिअँपिअरला पडणाऱ्या आरसीसीबीला तेवढे अर्थिंग पुरते. एमसीबीला ते पुरत नाही, हे आपण मघाशी पाहिलेच. दोघांची जोडी आहे, एकाला घेऊन दुसऱ्याला सोडू नये.

चौथी गोष्ट, जागा आणि पाणी. पंखा शक्य तितका उंच आणि शॉवरच्या फवाऱ्यापासून दूर असावा. तंत्रज्ञांच्या नियमावल्या बाथरूमचे भाग पाडतात. शॉवरच्या किंवा टबच्या वरचा सव्वादोन मीटर उंचीपर्यंतचा भाग आणि त्याच्या बाजूचा साठ सेंटिमीटरचा पट्टा हे जपण्याचे भाग मानतात. तिथे पंखा बसवणे टाळता येत नसेल तर पाण्याच्या शिंतोड्यांना दाद न देणारा, आयपीएक्स-४ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा घ्यावा. तारांचे जोड उघड्यावर पीळ घालून, वर काळी पट्टी गुंडाळून सोडायचे नाहीत. वाफेने पट्टीचा गोंद सुटतो. झाकणाच्या डबीत, कनेक्टरमध्ये स्क्रूने आवळलेला जोड हवा. बाहेरून तार आत येते तिथे तिला थोडा खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून ओघळून पंख्यात न जाता झोळाच्या टोकाशी गळून पडते.

पाचवी गोष्ट, आरसीसीबी योग्य निवडणे. त्यावर तीस मिलिअँपिअर लिहिलेले आहे का ते बघा. शंभर आणि तीनशे मिलिअँपिअरचेही मिळतात, ते आग टाळायला उपयोगी, माणसाला वाचवायला नाहीत. हल्लीचे पंखे, वॉशिंग मशीन आणि दिव्यांच्या आत इलेक्ट्रॉनिक भाग असतात, त्यांच्यासाठी ‘ए’ प्रकारचा आरसीसीबी अधिक भरवशाचा. आरसीसीबी जादा भार किंवा शॉर्टसर्किट ओळखत नाही, त्यामुळे त्याच्या जोडीला एमसीबी लागतोच. दोन्ही कामे करणारे एकत्र उपकरणही मिळते, त्याला आरसीबीओ म्हणतात. गीझर आणि बाथरूमच्या सर्किटना असा स्वतंत्र आरसीबीओ दिला, तर तिथे गळती होऊन अख्खे घर अंधारात जात नाही, आणि मग ‘डायरेक्ट करून टाका’ असा मोहही होत नाही. बाथरूमचे सर्किट इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टरच्या पुढेही आरसीसीबी आहे का ते विचारा. इन्व्हर्टरच्या अलीकडे बसवलेला आरसीसीबी वीज गेलेली असताना पलीकडच्या सर्किटची राखण करू शकत नाही.

काम झाल्यावर वायरमनला ‘मेगर’ लावायला सांगा. पाचशे व्होल्टच्या मेगरने तारा आणि अर्थिंग यांच्यामधला विरोध किमान एक मेगओहम दाखवला पाहिजे. चांगल्या कोरड्या वायरिंगमध्ये तो त्याच्या कितीतरी पट येतो.

आरसीसीबीच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर माणूस भलताच निर्धास्त होतो. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आला, आणि वीज जमिनीत न जाता दोन्ही हातांमधूनच वाहिली, तर आरसीसीबीचा हिशेब जुळतो आणि तो पडत नाही. म्हणून तो आहे या भरवशावर चालू तारांत हात घालायचा नाही. आणि कोणाला विजेने धरलेच, तर त्याला ओढायला धावू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने त्याला तारेपासून दूर ढकला. माणूस श्वास घेत नसेल तर १०८ ला फोन लावून लगेच छाती दाबायला सुरुवात करा. ते कसे करायचे हे घरातल्या निदान एकाने शिकून ठेवावे.

शेवटी, अगदी आज करण्यासारखे एक काम. आरसीसीबीवर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेले एक छोटे बटण असते. ते दाबले की उपकरण स्वतःच थोडी गळती निर्माण करते आणि खटका पडला पाहिजे. पुष्कळ घरांत हे बटण बसवल्या दिवसापासून कोणी दाबलेले नसते. आतले यंत्र वर्षानुवर्षे न हलता अडकून बसू शकते. म्हणून महिन्यातून एकदा, कॉम्प्युटर वगैरे बंद करून, घरात वीज चालू असताना ते दाबावे. विजेचे बिल भरण्याचा दिवस त्यासाठी ठरवून टाकला तर विसरायला होत नाही. खटका पडला तर वर करा आणि आपल्या कामाला लागा. पडला नाही, तर तो बदलून घेईपर्यंत घर बिनरखवालदाराचे आहे असे समजा. आणि बोर्डात असे बटणच कुठे सापडले नाही, तर नव्या टाइल्स, नवा गीझर आणि नवा पंखा थोडे थांबू शकतात. आधी हा रखवालदार आणा.